वराळ्यात कुठं

"वाघाचा फोटू काढत्यात तसं लांबनं काढतीया बघ."

सुकट विकणारी बाई शेजारच्या कांदेवालीला म्हणाली. मी रस्त्याच्या पलीकडे, एका उभ्या टेम्पोच्या आडोशाला होते. कामशेतचा बाजार भरलेला होता, मधून गाड्या जात होत्या, तरी ते वाक्य माझ्यापर्यंत नीट पोचलं. कांदेवालीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "मग तू वाग हायेस व्हय गं? कवापास्नं?" दोघी हसल्या. माझ्याकडून बटण आपोआप दाबलं गेलं. मग मी कॅमेरा खाली घेतला, त्याच्या मागच्या पडद्यावर काहीतरी बघितल्यासारखं केलं आणि टेम्पोच्या मागच्या बाजूनं निघून गेले.

त्या दिवसातला तेवढा एकच फोटो बरा आला होता. सुकटीच्या टोपलीमागे दोघी हसताहेत आणि सरळ माझ्याकडे बघताहेत. तो छापता मात्र येणार नव्हता. ज्या दैनिकाच्या मावळ पानासाठी मी शिकाऊ म्हणून काम करत होते, तिथे नियम होता की माणसाचा चेहरा छापायचा तर खाली त्याचं नाव आणि गाव हवं. त्या नियमानं मला इतकं दमवलं की आता हे लिहिताना मी कुणाचंच नाव घालणार नाहीये.

ज्यांच्या हाताखाली मी शिकत होते ते फोटोग्राफर पन्नाशीचे होते. त्यांना मी सर म्हणायचे. गावोगावचे लोक त्यांना भाऊ म्हणायचे. त्यांनी तो फोटो मोठा करून पाहिला.

"नावं?"

"विचारली नाहीत."

"का?"

त्यांनी माझ्या बाकीच्या फोटोंवरून भराभर बोट फिरवलं. डोक्यावर भारा घेतलेली बाई, मागून. स्टेशनच्या पुलावरून उतरणारी माणसं, मागून. शाळेतून घरी निघालेल्या मुली, त्याही मागून.

"तुझ्या मावळात सगळे पाठ करूनच चालतात का गं?" ते म्हणाले. ते रागावले नव्हते. दिवसभर मोटरसायकल चालवून आलेला माणूस बोलतो तसे बोलत होते.

मग त्यांनी माझी लांबची लेन्स काढून स्वतःच्या बॅगेत ठेवली आणि पन्नासची छोटी लेन्स माझ्या हातात दिली. त्या लेन्समधून चेहरा घ्यायचा तर माणसाच्या इतकं जवळ जावं लागतं की त्याच्या तोंडातल्या तंबाखूचा वास येतो. "दिवाळीनंतर संपादक मला विचारणार आहेत, हिला ठेवायची का," ते म्हणाले. "मला काहीतरी सांगता आलं पाहिजे."

मला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं हे मी घरी कुणाला कळू दिलं नव्हतं. घरच्यांना वाटायचं, मुलगी इंग्रजी शाळेत शिकली, बँकेच्या परीक्षा देतेय आणि मधल्या वेळात हौस करतेय.

लोणावळ्यात मला फारशी अडचण यायची नाही. पावसाळ्यात शनिवार-रविवारी सर मला तिथे पाठवायचे. धुक्यात पॉइंटवर उभं राहिलं की माणसं आपणहून समोर यायची. "दीदी, एक हमारा भी." केस पुसायचे, पोराला कडेवर घ्यायचे, गॉगल डोक्यावर चढवायचे. नाव विचारलं की स्पेलिंगसकट सांगायचे. मी कोण, हे कुणी विचारायचं नाही. फार तर "कुठल्या चॅनलवर येणार?" एवढंच. संध्याकाळी चिक्कीच्या दुकानांसमोरच्या गर्दीतून वाट काढत मी स्टेशनवर यायचे. मोजे ओले, लेन्सच्या आत बाष्प, आणि कार्डात शेकडो हसरे चेहरे, त्यातला एकही पुन्हा बघावासा न वाटणारा. तळेगावपर्यंत डोळे मिटून बसायचे.

गावांतली गोष्ट वेगळी होती. तिथे मी कॅमेरा वर करण्याआधीच प्रश्न यायचा. "कुनाची गं तू?" प्रश्नात वाकडं काही नसायचं. शेताच्या बांधावर येणाऱ्या कुणालाही तो विचारतात, गॅसवाल्यालासुद्धा. पण त्याच्या मागून दुसरा येतो, मग तिसरा. आडनाव काय. गाव कुठलं. गावात घर कुठं. आणि माझं आडनाव असं आहे की त्यावर कुणी थांबत नाही, कारण मावळात ते दोन प्रकारच्या घरांत सापडतं: गावच्या जमिनी ज्यांच्याकडे आहेत त्या शेतकरी घरांत, आणि आमच्यासारख्या बौद्ध घरांत. पणजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, धर्म बदलला. आडनाव तेच राहिलं. त्यामुळे घर कुठं आहे, हाच खरा प्रश्न असतो. आमचं घर वराळ्यात बुद्धविहाराच्या मागे आहे. आता वराळ्यात चहूबाजूंनी इमारती उठल्यात, बाहेरून आलेल्या माणसाला कुठली वस्ती कुणाची ते कळतही नाही. पण मावळातल्या माणसाला विहार म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही.

बाबा तळेगावच्या कंपनीत आहेत. त्यांनी मला खोटं बोलायला कधी शिकवलं नाही. फक्त उत्तर कुठं थांबवायचं ते त्यांच्याकडे बघून मी शिकले. "कुठं राहता?" "स्टेशनच्या बाजूला." "मूळचे कुठले?" "इकडचेच." एवढं बोलून ते हसायचे आणि पावसाचा विषय काढायचे. शाळेत माझंही तसंच चालायचं. तिथे इंग्रजी कामी यायचं. माझं मराठी ऐकून गावातले लोक मला पुण्याची समजतात, तेही बरंच आहे. पण दिवसभर असं अर्धं अर्धं उत्तर देत राहिलं की संध्याकाळी तोंड आंबतं. लांबच्या लेन्सचा हाच फायदा होता, प्रश्न तिथवर पोचत नव्हते.

सरांना यातलं काही माहीत नव्हतं, किंवा असेलही. त्यांची पद्धत साधी होती. कॅमेरा बॅगेतच ठेवायचा आणि आधी ओळख लावायची. कुठल्याही गावात ते मोटरसायकल स्टँडवर लावता लावता सुरू करायचे, "आबा, तुमच्या शेजारच्या गावात आमची मावशी दिलीय." मग आबा विचारायचे कुणाच्यात, मग लग्न, मग कुठल्या जत्रेत गाठ पडली होती ते. चहा येईपर्यंत भाऊ पाहुणे झालेले असायचे, आणि पाहुण्याला फोटो काढू नको असं कोण म्हणणार? चेहरे त्यांच्यासमोर सैल पडायचे. ते कुणालाही हस म्हणायचे नाहीत. मला ते अवघड कौशल्य वाटायचं, आणि थोडं अन्यायाचंही. त्यांच्याकडे सांगायला मावश्या होत्या.

भातकापणी सुरू झाली तेव्हा सर मला कामशेतहून पवनेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात घेऊन गेले. खाचरात बायका ओळीनं बसून कापत होत्या. त्यांच्यातली सगळ्यात मोठी, साठीच्या पुढची, मालकीणच होती, पण सुनेच्या बरोबरीनं विळा चालवत होती. सर बांधावर बसले. गप्पा सुरू झाल्या. बोलता बोलता त्या बाईंचं माहेरचं आडनाव निघालं. सरांनी माझ्याकडे हात केला.

"अहो, मग ही तुमच्याच भावकीतली की. वराळ्याची आहे. तेच आडनाव."

बाई उठून उभ्या राहिल्या. विळा खाली टाकला. "खरं का काय? माज्या म्हायेरची?"

मी सरांकडे पाहिलं. ते बॅगेची चेन उघडत होते. सून हसत म्हणाली, "आत्याबाईंना म्हायेरचं कुत्रं भेटलं तरी रडू येतं, तुमी तर मानूस हाय."

"गप ए," बाई म्हणाल्या. "भाची हाय माजी. मी हिची आत्या झाले. आत्या म्हन मला." आणि चिखलाच्या दोन्ही हातांची पाठ माझ्या गालाला लावून त्यांनी स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

मी आत्या म्हणाले नाही. सर हळू आवाजात म्हणाले, "आत्ता काढ." मी कॅमेरा वर केला. बाई माझ्यापासून हातभर अंतरावर होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. लेन्सकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मी तीन-चार वेळा बटण दाबलं.

निघताना त्यांनी आम्हाला घरी नेलं, चहा दिला, आणि मी नको नको म्हणेपर्यंत माझ्या कपाळावर कुंकू लावलं. आमच्या घरी कुंकू लावत नाहीत. परतताना सरांच्या मागे मोटरसायकलवर बसले असताना मी म्हणाले, "सर, मी त्यांच्यातली नाहीये." पुढे ट्रक होता, ते त्याला ओलांडायच्या नादात होते. "काय?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"काही नाही."

कामशेत स्टेशनच्या नळावर मी रुमाल ओला करून कपाळ पुसलं. कुंकू लवकर निघत नाही हे मला माहीत नव्हतं.

फोटो छापून आला, चांगला मोठा. खाली बाईंचं नाव, गाव, आणि त्याखाली बारीक अक्षरात माझं. आईनं पेपर खिडकीपाशी नेऊन पाहिला.

"चांगल्या आल्यात. कोण आहेत?"

"कामशेतच्या पुढच्या."

"तुला ओळखतात?"

"नाही."

आईनं पुन्हा फोटोकडे पाहिलं. "बघतायत तर ओळखीच्यासारख्या," एवढंच म्हणाली आणि पेपर घडी करून ठेवला.

तेच तर होतं. त्या फोटोत जे चांगलं होतं ते सगळं त्या बघण्यात होतं आणि ते बघणं त्यांच्या भाचीसाठी होतं. मी मध्ये कॅमेरा धरून उभी होते, इतकंच. संपादकांना फोटो आवडला. त्या बाईंनाच धरून भाताची सगळी मालिका करा असा निरोप आला. कापणी झाली, आता झोडणी, मग मिल, मग बाजार. सर खूश होते. "ही राहिलेली तीन चित्रं आण," ते म्हणाले, "मग मला काही सांगावंच लागणार नाही. या वेळी एकटी जा. आता तुझी ओळख झालीय तिथे."

मी दोन दिवस गेले नाही. ताप आलाय असं सांगितलं आणि खरंच अंग दुखत होतं. पडून पडून एकच हिशेब करत होते: तीन फोटो राहिलेत. तीन वेळा जायचं, तीन वेळा पावसाचा विषय काढायचा, चहा प्यायचा, कुंकवाच्या वेळेस निघून यायचं. बाबांनी तर कंपनीत अख्खं आयुष्य तसं काढलंय. मला तीन दुपारी जमायला हरकत नव्हती.

तिसऱ्या दिवशी गेले. कामशेतहून वडापची जीप मिळाली, पुढे चालत. खळ्यावर झोडणी चालू होती. सून आणि दोन गडी लाकडी बाकावर पेंढ्या आपटत होते. हवेत भाताचं बारीक कूस उडत होतं, उन्हात ते पिवळं दिसत होतं. उजेड फार चांगला होता. असा उजेड मिळावा म्हणून सर तासन्‌तास बसतात.

"आली गं बाई माजी भाची," बाई खळ्याच्या कडेला बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या. "वाळलीस का गं? ताप आला व्हता म्हनं. भाऊनं फोनवर सांगितलं."

त्यांनी मला शेजारी बसवलं. सून पेंढी आपटता आपटता म्हणाली, "तुमचा पेपर देवाऱ्याच्या भिंतीला लावलाय. येईल त्याला दाखवायचा. काल मीटरवाला आला व्हता, त्यालाबी दावला."

"मग? भाचीनं काढलाय, लोकाच्या पोरीनं न्हाई," बाई म्हणाल्या.

मी कॅमेरा काढला. त्यांनी पदर सारखा केला, मग हसून पुन्हा विस्कटू दिला. मी डोळा लावला. त्या तशाच बघत होत्या, मागच्या वेळेसारख्या, पूर्ण उघड्या डोळ्यांनी. ओठ हलले.

"मी माज्या भावाला फोन केला व्हता, आपली पोर पेपरात हाय म्हनून. तर तो म्हनतो कसा, वराळ्यात आपल्यातली चारच घरं. त्यातली कुनाची पोर पेपरात न्हाई. म्हनलं तुला काय म्हाईत, तू किती वर्सांत तिकडं गेलास? त्यो आपला शेतात पडल्याला." त्या हसल्या. "पर मलाबी घर ध्यानात येईना. मी लहानपनी गेलते तितं, लग्नाला. मोठं आंगन व्हतं, आन् चिंच. तुजं कंचं घर? वराळ्यात कुटं?"

मी बटण दाबलं नव्हतं. चौकटीत त्यांचा चेहरा स्थिर होता. गालावर एक कूस चिकटलं होतं. हाच फोटो झोडणीचा होता, हे मला स्पष्ट कळत होतं.

"लांब आहे जरा," मी म्हणाले. "तुमचं भात या वर्षी बरं झालं ना? पाऊस शेवटी शेवटी..."

"भात झालं बरं." त्यांनी हात हलवून भात बाजूला सारलं. "लांब म्हंजी? गावात का रानात?"

"गावातच."

"मग लांब कशाचं. देवळाच्या अंगाला आसंल. आपली समदी घरं देवळाच्या अंगालाच हायेत, व्हय ना?"

त्यांनी माझ्यासाठी उत्तर तयार करून ठेवलं होतं. मला नुसती मान हलवायची होती. कॅमेरा डोळ्याला होता, माझं अर्धं तोंड झाकलेलं होतं, मान हलली असती तरी कुणाला नीट दिसलीही नसती. मग फोटो, मग चहा. मग मिल आणि बाजार. संपादकांनी विचारलं असतं, सर काहीतरी बोलले असते. आणि कामशेतच्या नळावर मी पुन्हा रुमाल ओला केला असता.

शूर वगैरे काही वाटलं नाही मला. मी दमले होते. हात दुखायला लागले होते, कॅमेरा फारसा जड नसूनही. बाबा इतकी वर्षं हे कसं करत आले असतील, असं एकदा मनात आलं. आणि असंही आलं की या बाईंचा फोटो मी काढला तर त्याखाली त्यांचं नाव आणि गाव लिहीन, पूर्ण, बरोबर, तपासून. त्यांनी ते न विचारता दिलंय.

मी कॅमेरा मांडीवर ठेवला. सुनेची पेंढी आपटायची थांबली होती, निदान मला तसं वाटलं. बाई वाट बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर अजून तेच हसू होतं. ते मी लेन्सशिवाय पहिल्यांदाच बघत होते.

"नाही मावशी," मी म्हणाले, "आमचं घर विहाराच्या मागं आहे."